दोन डोक्यांची मापं

जामदारखान्याचा गणोजी डोक्याचं माप घेऊन गेला त्याला आता आठवडा झाला होता, आणि तेवढ्या अवधीत धुमाळांच्या घरात मानाजीराव हेडमास्तर होऊन जुनेही झाले होते. दूधवाला मुजरा करून दूध घालू लागला होता. हाटपिपल्याच्या नृसिंहाला बोललेला नवस कधी फेडायचा, हे पाहायला मानाजीरावांच्या पत्नी राजाबाईंनी पंचांग काढून ठेवलं होतं. धारेला त्यांच्या भावाला, मल्हाररावांना, सांगावा गेला होता. आणि मल्हारराव नुसते आले नव्हते, घरच्या लेकीच्या, मालनच्या, होऊ घातलेल्या सासऱ्यांना, भैयासाहेबांना, टांग्यात घालून सोबत घेऊन आले होते. राहता राहिला होता तो हुकूम. तो आज दुपारी शाळेत वाचला जाणार होता, आणि त्यात काय लिहिलंय हे त्या घरात आपल्याला एकट्यालाच माहीत आहे, अशी मानाजीरावांच्या धाकट्या भावाची, संताजीची, समजूत होती.

माहीत असण्याचा त्याला काडीचा उपयोग होत नव्हता. उलट अन्न गोड लागत नव्हतं.

दरबारची रीत अशी होती, की शाळेकडील वर्षाचे सगळे फेरफार दिवाळीनंतर एकदाच, सर्वांसमक्ष वाचून दाखवायचे. कोण आला, कोण गेला, कोणाची रजा वाढली, कोणाला बढती मिळाली, सगळं एका दमात. वाचेपर्यंत सारं गुप्त. पण ज्याला मानाचा पोशाख द्यायचा त्याचं पागोटं आधी बांधून ठेवावं लागतं, आणि डोकं मोजल्याशिवाय पागोटं बांधता येत नाही. त्यामुळे वाचनाच्या आधी गणोजी सुताची दोरी घेऊन कोणाच्या दारात जातो, इकडे सगळं गाव डोळे लावून बसे. गुप्तता पाळली गेली असं दरबारला वाटे आणि गावाला बातमी मिळे. दोन्ही पक्ष समाधानी होते.

यंदा गणोजी थोरल्या पातीच्या जामदारखान्यातून निघाला, रस्ता ओलांडून धाकट्या पातीत शिरला आणि धुमाळांच्या ओसरीवर येऊन बसला. देवासात राहणाऱ्याला यात नवल वाटत नाही. एका गावात दोन पात्या, म्हणजे दोन राज्यं, दोन कचेऱ्या, दोन तुरुंग. टेकडीवरची देवी तेवढी सर्वांची. धुमाळांचं घर रस्त्याच्या या अंगाला, म्हणजे धाकट्या पातीत, आणि दोघा भावांची शाळा पलीकडे, थोरल्या पातीत. रोज सकाळी मानाजीराव पुढे आणि संताजी त्यांच्या एक पाऊल मागे, असे दोघे परराज्यात नोकरीला जात आणि जेवायला स्वदेशी परत येत.

"मास्तरसाहेब, डोकं हालवू नका नी," मानाजीरावांच्या कपाळाभोवती दोरी फिरवत गणोजी म्हणाला होता. "गाठ सरकते."

"गाठ कशाला मारतोस? आकडा लिहून घे."

"आकडा बोलतो, भिया. दोरी चुप रेती."

गाठ मारून झाल्यावर तो संताजीकडे वळला. "आता तुमी बसा, छोटे मास्तर."

"भाऊजींचं कशाला?" आतून राजाबाईंनी विचारलं.

"हुकूम दोन डोक्यांचा हे, बाईसाहेब." त्याने संताजीच्या डोक्याला दोरी लावली आणि हसला. दुसरी गाठ नेमकी पहिलीवरच येत होती. "घ्या. भावाभावाचं डोकं एकच हे."

तो गेल्यावर राजाबाईंनी दोन पागोट्यांचा अर्थ घटकाभरात लावून टाकला होता. जुने हेडमास्तर पंजाबात निघून गेल्यापासून चार वर्षं मानाजीराव हंगामी हेडमास्तर होते. आता ते कायम होणार. आणि ते वर सरकले की त्यांची दुय्यमाची जागा रिकामी होणार, ती भाऊजींना. एका घरात दोन बढत्या. यात कुठे काही खटकण्यासारखं नव्हतं. मानाजीरावांनी ते ऐकून घेतलं, "बरं" म्हटलं आणि ते सहावीच्या मुलांच्या वह्या तपासायला बसले.

दुसऱ्याच दिवशी संताजीला कचेरीत बोलावणं आलं होतं. सरिश्तेदारांनी दार लोटून घेतलं आणि मान वर न करता सांगितलं. शाळेला यंदा कॉलेजचा पहिला वर्ग जोडायचा आहे. युनिव्हर्सिटीचे साहेब तपासणी करून गेले, त्यांना सगळं पसंत पडलं. फक्त शाळेचा मुख्य बी.ए. पाहिजे. मानाजीराव बी.ए. नाहीत. तुम्ही आहात. तेव्हा मानाजीराव पेन्शनीत जातील, त्यांना निरोपाचा पोशाख. तुम्ही हेडमास्तर, तुम्हाला नेमणुकीचा. "वाचन होईपर्यंत यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये," असं म्हणून त्यांनी दार उघडलं होतं.

मानाजीराव बी.ए. का नव्हते, हे संताजीइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. वडील गेले तेव्हा मानाजीराव इंदुरात कॉलेजात होते. ते कॉलेज सोडून घरी आले, शाळेत चिकटले आणि आठ वर्षांनी त्याच कॉलेजात त्यांनी संताजीला धाडला. त्याच्या पदवीचा कागद मानाजीरावांनी स्वतः चौकट करून भिंतीवर लावला होता. संताजी त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसत असे. या आठवड्यात तर त्या खोलीत जायचंच त्याने सोडलं होतं.

सांगायचा प्रयत्न त्याने केला नाही असं नाही. एकदा विहिरीवर केला, तर मल्हारराव दात घासत मध्ये आले. एकदा देवघरात केला, तर मानाजीराव जप करत होते. रोज सकाळी शाळेच्या वाटेवर तर संधीच संधी होती. रस्त्याच्या कडेला मानाजीराव थांबत, दोन्ही बाजूंनी टांगे पाहत आणि हल्ली जरा जास्तच वेळ पाहत. संताजी घसा साफ करी. मग मानाजीराव रस्ता ओलांडत आणि तोही त्यांच्यामागून ओलांडे. तिकडे गेल्यावर थोरल्या पातीचा हुकूम लागू होता, सांगता कसं येणार?

आज सकाळी इंदिराबाईंनी, त्याच्या बायकोने, त्याला कोठीच्या खोलीत गाठलं.

"अहो, तुम्हाला झालंय तरी काय? पोशाख मिळायचाय का फाशी व्हायचीय?"

तेव्हा त्याने तिला सांगितलं. तिने ऐकलं आणि ती धान्याच्या कणगीला टेकून उभी राहिली.

"आणि जाऊबाई बाहेर अनारसे तळताहेत," ती म्हणाली. "आधी भावोजींना सांगा. आत्ता. हुकूम गेला खड्ड्यात."

"दरबारचा हुकूम आहे."

"दरबार पलीकडे आहे. तुम्ही अलीकडे उभे आहात."

हे म्हणणं बिनतोड होतं. संताजी ओसरीवर गेला. तिथे मानाजीराव आरशासमोर बसून अंगरख्याचे बंद बांधत होते, आणि शेजारी पाटावर भैयासाहेब सुपारी कातरत होते. भैयासाहेब धारेच्या पागेचे कारभारी. त्यामुळे नवा माणूस भेटला की आधी त्याच्या पायांकडे पाहायची त्यांना सवय होती. त्यांनी संताजीच्या पायांकडे पाहिलं.

"या, छोटे मास्तर. आम्ही मोठ्या मास्तरांना हेच सांगत होतो. आम्ही साफ बोलणारी माणसं. मुलगी चांगली हे, घर चांगलं हे. दत्ताजी आमचा इंदुरात शिकतोय, उद्या वकील होईल. त्याला सोयरीक हेडमास्तरच्या घरची पाहिजे. गेल्या साली मल्हाररावांनी विषय काढला तेव्हाच आम्ही बोललो होतो, हंगामी सोयरीक नको. आज हुकूम कानांनी ऐकू, आणि संध्याकाळी सुपारी फोडू. बात पक्की."

"अगदी," मल्हारराव म्हणाले. "आमचे दाजी म्हणजे शाळेचा खांब हो!"

मानाजीरावांनी आरशातून भावाकडे पाहिलं.

"काही सांगायचं होतं का, संता?"

संताजीचं तोंड उघडलं. दाराआड मालन उभी होती, नव्या बांगड्या आवाज करू नयेत म्हणून एका हाताने दुसरं मनगट धरून. आतून तुपाचा वास येत होता. भैयासाहेबांचा अडकित्ता थांबला होता.

"उपरणं," संताजी म्हणाला. "तुमचं जरीचं उपरणं मागायला आलो होतो."

मानाजीराव क्षणभर तसेच आरशात पाहत राहिले. मग उठले, खुंटीवरचं उपरणं काढलं, झटकलं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं.

"घे," ते म्हणाले. "चांगलं दिसेल आज."

*

शाळेच्या पटांगणात मांडव होता. मास्तर मंडळी पुढे, पाहुणे मागे, बायका चिकाच्या पडद्याआड. सरिश्तेदारांनी चष्मा लावला आणि एका सुरात वाचायला सुरुवात केली. त्यांचा सूर जन्माच्या आणि मरणाच्या बातमीला सारखाच लागे.

"शाळेकडील फेरफार. ड्रॉइंग मास्तर ओंकारेश्वरास यात्रेला गेले, त्यांची रजा, ते अद्याप न परतल्यामुळे, वाढवण्यात येत आहे. संस्कृतच्या शास्त्र्यांना पुत्ररत्न झालं. त्यासाठी घेतलेली रजा बिनपगारी धरावी. घंटेवाल्याने बसण्यास स्टूल मागितलं, ते मंजूर. मात्र घंटा उभ्यानेच द्यावी. शास्त्रविषयाच्या कपाटाची किल्ली हरवली, सबब नवं कुलूप मंजूर. कपाटात ठेवण्याचं सामान मागाहून येईल. फारसीच्या मौलवीसाहेबांनी वर्गात हुक्का ओढू नये, याबद्दल त्यांना दिलेली समज त्यांनी मान्य केली असून हुक्का व्हरांड्यात नेला आहे."

व्हरांड्यातून मौलवीसाहेबांनी मान डोलावली.

"मानाजीराव धुमाळ, हंगामी हेडमास्तर."

पडद्याआड बांगड्या वाजल्या. मल्हाररावांनी भैयासाहेबांच्या मांडीवर थाप मारली. संताजी जमिनीकडे पाहत होता. सतरंजीचा एक धागा निघाला होता.

"यांनी दीर्घकाळ इमानेइतबारे चाकरी केली, सबब दरबार प्रसन्न होऊन त्यांस पेन्शनीत जाण्याची परवानगी देत आहे. निरोपाचा पोशाख द्यावा."

मल्हाररावांचा हात भैयासाहेबांच्या मांडीवर तसाच राहिला. भैयासाहेबांनी तो उचलून बाजूला ठेवला.

"त्यांच्या जागी त्यांचे बंधू संताजीराव धुमाळ, बी.ए., यांची हेडमास्तर म्हणून कायम नेमणूक. पोशाख द्यावा. शाळेच्या विहिरीचा रहाट दुरुस्त करण्यात येत आहे."

मानाजीराव उठले. घाई नाही, उशीर नाही. पुढे जाऊन त्यांनी तीनदा मुजरा केला. गणोजीने पागोटं त्यांच्या डोक्यावर ठेवलं. ते सहज बसलं, कुठे दाबावं लागलं नाही. ते परत फिरले आणि संताजीच्या शेजारून जाताना हलकेच म्हणाले, "ऊठ. नाव पुकारलंय तुझं."

पुढे काय झालं ते संताजीला नीट आठवलं नाही. एवढंच कळलं, की आपल्या खांद्यावर भावाचं उपरणं आहे आणि लोक आपल्याकडे पाहताहेत. रहाटाच्या दुरुस्तीची बातमी पटांगणात कोणाच्याही कानात शिरली नाही.

*

सगळे घरी परतले. ओसरीवर मंडळी बसली तेव्हा मात्र बसण्यात फरक पडला होता. सकाळी मल्हारराव मानाजीरावांच्या जाजमावर होते. आता ते संताजीच्या जाजमावर आले.

"मी घरी आमच्या उमाबाईला कायम म्हणत आलोय," त्यांनी सुरुवात केली, "की संताजीरावांत काहीतरी आहे."

"मल्हार, तू गप बैस," राजाबाई म्हणाल्या.

त्या दारात उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर नीट होता, आवाजही खाली होता, आणि म्हणूनच मल्हारराव ताबडतोब गप बसले.

"भाऊजी, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"माप घेतलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि आठवडाभर तुम्ही माझ्या हातचे अनारसे खाल्लेत?"

"खाल्ले."

"मागून घेतलेत!"

अनारसे चांगले झाले होते हेही खरं होतं.

"चार वर्षं यांनी ती शाळा सांभाळली," राजाबाईंचा आवाज आता चढला. "सण नाही, वार नाही. तुमची पदवी कोणाच्या जिवावर आली? आणि तुम्ही आम्हाला भर मांडवात नेऊन बसवलंत, पाहुण्यांसकट, तमाशा दाखवायला? माझ्या पोरीचं लग्न मोडायला बसलंय, भाऊजी. अहो, एक शब्द! मी पाहुण्यांना थोपवलं असतं, काही सांगून वेळ मारून नेली असती. एक शब्द तुमच्या तोंडातून निघाला नाही?"

"मी राजीनामा देतो," संताजी उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याला सुचत नव्हतं. "आत्ता देतो. मला ती जागा नको. दादांची जागा मला नकोय."

"ठहरा," भैयासाहेब म्हणाले. "म्हणजे मग या घरात हेडमास्तर कोणीच नाही?"

भैयासाहेबांनी अडकित्ता कमरेला खोचला. "मग आमचं इथं काय काम? उजेड आहे तोवर इंदुरच्या वाटेला लागू. मल्हारराव, टांगा सांगा."

"बसा, भैयासाहेब," मानाजीराव म्हणाले. वर्गात ज्या आवाजात ते बोलत त्याच आवाजात. भैयासाहेब बसले, आणि आपण का बसलो असा चेहरा करून इकडेतिकडे पाहू लागले. "संता, तूही बैस. कोणी राजीनामा देत नाही. इंग्रजी मी तुला शिकवलं, ते राजीनामा लिहायला नाही."

"दादा, मला सांगायचं होतं. देवाशपथ सांगायचं होतं."

"मला ठाऊक होतं."

"काय?" राजाबाई म्हणाल्या.

"सगळं. दुय्यमाला दरबार पोशाख देत नाही. पोशाख दोघांनाच, येणाऱ्या हेडमास्तराला आणि पेन्शनीत जाणाऱ्याला. आजवर चार वाचनांचे मसुदे माझ्या हातून गेलेत, एवढं मला कळू नये? गणोजीने दुसरी गाठ मारली तेव्हाच उमगलं. एका घरात दोन पागोटी म्हणजे एक यायचं आणि एक जायचं."

राजाबाई भिंतीला टेकल्या. "मग तुम्ही का बोलला नाहीत? मी धारेला सांगावा धाडला..."

"तो तू मला न विचारता धाडलास. कळलं तेव्हा सांगावेकरी बेटम्याच्या पुढे गेला होता."

"तरी मला सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू याला विचारलं असतंस. मला ते याच्या तोंडून, आपणहून ऐकायचं होतं." मानाजीरावांनी पागोटं काढून मांडीवर घेतलं. बोटांनी ते त्याची कड चाचपत राहिले. "शाळा गेली त्याचं वाईट वाटलं. का वाटू नये? रात्री झोप लागली नाही. पण बी.ए. नाही म्हणजे नाही, त्याला कोण काय करणार. हा हेडमास्तर होतोय याचा मला आनंद झाला असता रे. होणारच होता. पण रोज सकाळी हा माझ्या मागून येत होता, आणि रोज त्या रस्त्याच्या कडेला मी थांबत होतो, आता सांगेल, आता सांगेल म्हणून. आज आरशासमोर मी तोंडाने विचारलं. तर हा म्हणतो उपरणं." त्यांचा आवाज फाटला. आयुष्यात प्रथमच तो भर ओसरीवर फाटला असेल. "मी परका होतो का, संता?"

संताजीने त्यांचे पाय धरले. "चुकलं, दादा."

"चुकलंच."

मल्हाररावांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि आवाज होईल म्हणून पुन्हा खाली ठेवला.

"म्हणजे," राजाबाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही दोघे भाऊ आठवडाभर एकमेकांची परीक्षा घेत बसला होतात, आणि मी तिकडे चुलीपुढे अनारसे तळत होते."

"असंच म्हणायचं," मानाजीराव म्हणाले. "तुझाही मी गुन्हेगार आहे. ते नंतर बघू. भैयासाहेब, तुम्हाला हेडमास्तरच्या घरची मुलगी पाहिजे होती. या घरात चूल एक आहे. मालनचं कन्यादान संताजी आणि इंदिराबाई करतील."

आत काहीतरी पडलं आणि गडगडत गेलं. बहुधा पितळी वाटी होती.

संताजीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मूल नसलेल्या भावाला आपल्या मुलीचं कन्यादान करू द्यावं, त्याच्या पदरी ते पुण्य पडावं, अशी चाल होती. पण ती ज्याला पाच-सहा मुली आहेत त्याने पाळायची. मानाजीरावांना एकच होती. इंदिराबाईंनी मालनला न्हाऊमाखू घातलं होतं, गोवरात रात्रंदिवस मांडीवर घेतलं होतं, आणि हे एक मागणं लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांच्या ओठांवर कधी आलं नव्हतं.

"दादा, हे नको," तो म्हणाला. "तुमच्याकडून आज आणखी काही घ्यायला माझा हात धजणार नाही."

"तुला कोण विचारतंय? मी भैयासाहेबांशी बोलतोय."

भैयासाहेब विचारात पडले होते. "म्हणजे लग्नपत्रिकेवर...?"

"कन्यादात्याचं नाव. नाव, पदवी, हुद्दा."

"हुद्दा कायम ना? हंगामी नाही?"

"आज वाचलेला तुम्ही कानांनी ऐकलात."

भैयासाहेबांनी संताजीच्या पायांकडे पाहिलं. मग मानाजीरावांच्या. मग कमरेचा अडकित्ता काढून खाली ठेवला. "बी.ए. पण लिवायचं," ते म्हणाले.

पण हे सगळं ज्यांच्या हाती होतं त्या अजून भिंतीला टेकूनच उभ्या होत्या. बाप आपला हक्क सोडत होता तो एकट्याचा नव्हता. बोहल्यावर आईची जागाही जात होती. राजाबाई आत पाहत होत्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात इंदिराबाई बसल्या होत्या, तोंडावर पदर धरून, आणि त्यांचे खांदे हलत होते. शेजारी मालन होती. ती काकूचा हात धरून आईकडे बघत होती.

संताजीला वाटलं, आता या नाही म्हणतील, आणि म्हणाव्यातच.

"इंदिरा," राजाबाई म्हणाल्या, "रडू नको. डोळे सुजतील, मग पाहुण्यांना काय दाखवायचं? कन्यादान तू कर." त्यांनी पदर सारखा केला. त्यांचा स्वतःचा आवाज काही धड राहिला नव्हता. "पण पोरीच्या सासरी भांडायची वेळ आली तर भांडायला मी जाईन. ते मी कोणाला देणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

भैयासाहेबांनी गंभीरपणे मान हलवली. "आमच्या घरी कळवतो," ते म्हणाले.

सुपारी फुटली. मल्हाररावांनी पुढचा अर्धा तास आपण ही सोयरीक कशी जुळवली ते सांगितलं. मालनने दोन्ही पागोटी खुंट्यांवर ठेवायला नेली आणि आत जाऊन थांबली. कापड एकच, बांधणी एकच, मापही एकच. कुठलं कोणाचं हे तिला कळेना, तेव्हा तिने ती शेजारी शेजारी ठेवून दिली.

*

दुसऱ्या दिवशी संताजी नेहमीच्या वेळी निघाला. ओसरीवर मानाजीराव नुसत्या सदऱ्यात बसले होते. त्यांच्याजवळ तपासायला वह्या नव्हत्या, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हा त्यांना प्रश्न पडलेला दिसत होता.

"येतो, दादा."

"हं. ये."

तो रस्त्यापर्यंत गेला आणि कडेला थांबला. पलीकडे थोरली पाती, शाळेचं फाटक, आणि घंटेजवळ नव्या स्टुलावर बसलेला घंटेवाला. एक टांगा गेला. दुसरा गेला. मग बराच वेळ रस्ता मोकळा होता आणि संताजी तिथेच उभा होता. शाळेला जाताना तो रस्ता त्याने आजवर कधी पुढे होऊन ओलांडला नव्हता. पुढे एक पाठ असे, तिच्यामागून जायचं असे.

मागून चपलांचा आवाज आला. मानाजीराव अंगात कोट घालत येत होते.

"काय झालं? घंटा होईल आता."

"काही नाही," संताजी म्हणाला. मग थांबला. रस्त्याकडे पाहत त्याने घसा साफ केला. "दादा, मला भीती वाटतेय."

मानाजीरावांनी कोटाचं शेवटचं बटण लावलं. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. टांगा नव्हता.

"हे मात्र वेळेवर सांगितलंस," ते म्हणाले. "चल. फाटकापर्यंत येतो मी."

आणि ते त्याच्या बरोबरीने चालू लागले. पुढे नाही, मागे नाही.